बुडणारा टॉवेल चांगला

नव्या ओळखीच्या बायका विचारतात, "तुम्ही नोकरीला कुठं होता?" मी सांगते, "टॉवेलच्या कारखान्यात. पाण्यात टॉवेल बुडवायचं काम होतं." मी बीएस्सी आहे हे त्यांना आधीच कळलेलं असतं. बीएस्सी करून ही बाई धुणं धूत होती की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मीही लगेच खुलासा करत नाही. सोलापूरच्या उन्हात, त्यातही बॉयलरच्या शेजारच्या खोलीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाला एवढी गंमत करायचा हक्क असतो.

खुलासा असा. मागावरून उतरलेला टॉवेल पिवळट आणि कडक असतो. विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावलेली असते, शिवाय कापसाचं स्वतःचं मेण असतंच. असा टॉवेल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्याकडे यायचा. आम्ही त्याची खळ काढायचो, त्याला सोड्यात उकळायचो, पांढरा करायचो, हवा तो रंग द्यायचो आणि शेवटी मऊ करायचो. एवढं सगळं झाल्यावर त्यानं पाणी प्यायला पाहिजे. तो पितो का, हे बघणारी मी. प्रत्येक लॉटमधून तळहाताएवढा तुकडा कापायचा, काचेच्या भांड्यातल्या पाण्यावर अलगद ठेवायचा आणि बघत बसायचं. चांगला टॉवेल बघता बघता तळाला जातो. वाईट टॉवेल सुट्टीवर आल्यासारखा तरंगत राहतो. आमच्या धंद्यात बुडणारा तो चांगला आणि तरणारा तो नापास.

यामागचं शास्त्र मी कॉलेजात शिकले, पण पाहिलं होतं त्याच्या फार आधी. आमचं गाव वळसंग. विहिरीवर गेलं की लांब पायांचे किडे पाण्यावरून चालताना दिसायचे. अव्वाला, म्हणजे आजीला, मी विचारायची, हे बुडत कसे नाहीत. ती म्हणायची, पाण्याला कातडी असते, तिच्यावरून चालतात. अव्वा शाळेत गेली नव्हती, पण याहून सोपी व्याख्या मला पुढं कुठल्याही पुस्तकात मिळाली नाही. पाणी स्वतःला घट्ट धरून असतं. कापसाच्या धाग्यात केसाहून बारीक फटी असतात. त्यातून पाणी आपणहून चढत जातं, समईच्या वातीतून तेल चढतं तसं. पण धाग्यावर मेणाचा किंवा तेलाचा हात फिरलेला असला, की पाणी आत शिरायला तयार होत नाही. ते गोळा होऊन वरच बसतं, अळवावर बसतं तसं.

आता गंमत अशी, की दुकानात गिऱ्हाईक टॉवेल घेतं ते कोरड्या हातानं चाचपून. हाताला मऊ लागला की पसंत. हे ओळखून वागणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं, नातेपुत्याचा एक दुकानदार. तो माल बघायला यायचा तेव्हा खिशात औषधाची रिकामी बाटली पाण्यानं भरून आणायचा. गठ्ठ्यातला मधलाच टॉवेल ओढायचा, वर दोन थेंब टाकायचा आणि मान वाकडी करून बघायचा. गोदामातली पोरं हसायची. मी त्याला म्हटलं, "शेठ, गोदामात तपासूनच माल येतो."

तो म्हणाला, "येत असंल की. पर हात खोटं बोलतो, मॅडम. पानी बोलत न्हाय."

मी त्याला चहा पाजला. माझ्या खात्याचा माणूस असा बाहेर क्वचितच भेटतो.

माझं काम फक्त बुडवाबुडवीचं नव्हतं. छपाईचा रंगही माझ्याकडं यायचा. छापायचा रंग पाण्यासारखा पातळ चालत नाही, त्यात डिंकासारखा घट्टपणा आणावा लागतो. फार घट्ट झाला तर जाळीतून उतरत नाही, पातळ झाला तर कापडावर पसरतो. तो मोजायला आमच्याकडं बुडाला भोक असलेला एक कप होता. रंग भरायचा आणि धार तुटेपर्यंत किती वेळ लागतो ते बघायचं. मध आणि ताक एकाच तांब्यातून ओतून बघितलं की कुणालाही कळेल, मी काय मोजत होते.

छपाईला युसूफभाई होते. हात असा, की छापलेल्या मोराच्या पिसाऱ्यातला डोळासुद्धा कधी पसरायचा नाही. एका मे महिन्यात ते नॅपकिनचा एक तागा खांद्यावर टाकून माझ्याकडं आले आणि टेबलावर पसरून उभे राहिले. मोराची मान गळ्याशी सुजल्यासारखी दिसत होती.

"ये क्या है मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मोर."

"सुबू मोर था. दोपहर कू बदक हो गया."

सकाळी मी मोजलेला रंग बरोबर होता. दुपारी पुन्हा कप भरला तर धार भसकन संपली. पत्र्याच्या शेडखाली पिंपं तापली होती. उन्हानं रंग पातळ झाला होता, शिवाय त्यातला घट्टपणा आणणारा पदार्थ नासायलाही लागला होता. उपाय अगदी घरगुती निघाला. पिंपं भिंतीच्या सावलीला हलवली, त्यांना ओली पोती गुंडाळली आणि रंग एकदम दिवसभराचा न करता थोडा थोडा करायला लावला. पोत्यातलं पाणी वाळताना पिंपातली उष्णता घेऊन जातं, आपल्या माठासारखंच. दुसऱ्या दिवशी युसूफभाई खिडकीतूनच ओरडून सांगून गेले, "मॅडम, मोर वापस आया." बदकाचे नॅपकिन मात्र कारखान्यातल्या बायकांनी वाटून घेतले. माझ्याकडचा एक अजून पोळ्यांच्या डब्यात आहे.

पण दिवाळी अंकाला काही लिहा म्हटल्यावर मला आधी आठवला तो नरसय्या.

नरसय्याचे शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, मोजके माग होते. बापही विणकर, आजाही विणकर. घरात तेलुगू, बाजारात मराठी, आणि रागावला की दोन्ही. वयानं माझ्याहून मोठा, तरी मला अक्का म्हणायचा. साधे टॉवेल विणून तो दुकानांना द्यायचा. त्याला पहिल्यांदाच शहरातल्या एका प्रसूतिगृहाचं काम मिळालं. तिथं नवा कक्ष सुरू व्हायचा होता आणि डॉक्टर सुजाता नावाच्या बाईंनी त्यासाठी पांढरे टॉवेल सांगितले होते, काठावर रुग्णालयाचं नाव विणलेले. नरसय्यानं ते नाव इतकं सुरेख विणलं होतं, की उलट्या बाजूनंही वाचता यायचं.

माल आमच्याकडं आला तेव्हा तो स्वतः बरोबर आला. म्हणाला, "अक्का, लहान लेकरांसाठी हाय. लोण्यासारखं मऊ पायजे बघा."

मी म्हटलं, "नरसय्या, हे बाळ पुसायचे टॉवेल आहेत. फार मऊ करायला गेलं तर पाणी घेणार नाहीत. मी सांगते तेवढंच राहू द्या."

त्यानं मान डोलावली. पण खाली जाऊन सुपरवायझरच्या मागं लागला. पहिला हात फिरल्यावर चाचपून बघितलं, म्हणाला, अजून. दुसरा फिरल्यावर म्हणाला, अजून थोडं. मऊपणा येतो तो सिलिकॉनच्या तेलानं. गिऱ्हाइकाचा आग्रह म्हणून सुपरवायझरनं ते दिलं, आणि तपासणीला तुकडा पाठवायच्या आतच नरसय्यानं घाईघाईत माल उचलून नेला. टॉवेल खरोखर लोण्यासारखे झाले होते. गालाला लावावेसे.

आठवड्याच्या आतच तो परत आला. खुर्चीवर बसला आणि काखेतलं गाठोडं त्यानं मांडीवर घेतलं.

"काय झालं?"

"डॉक्टरबाई माल परत घ्या म्हणायल्यात. पाणी पीत नाय म्हणायल्यात." मग म्हणाला, "एवढं मऊ केलो की, अक्का."

मी एक तुकडा कापून पाण्यावर ठेवला. तो तरंगला. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो. मी बोटानं त्याला खाली दाबला, तर परत वर आला, कोरडाच्या कोरडा.

नरसय्याची अडचण मला त्या काठाकडं बघून कळली. त्यावर रुग्णालयाचं नाव होतं. दुसरं कोणी हे टॉवेल घेणार नव्हतं. आणि डॉक्टरबाईंनी नाही म्हटल्याची बातमी पूर्व भागात पसरली असती, तर दुसरं रुग्णालयही त्याच्याकडं फिरकलं नसतं. मी म्हटलं, "चला, आधी डॉक्टरबाईंना भेटू."

डॉक्टर सुजाता तशा शांत बाई. रागावल्या नव्हत्या. त्यांनी सिस्टरला बोलावलं आणि म्हणाल्या, "यांना दाखवा."

सिस्टरनं आपला हात कोपरापर्यंत नळाखाली धरला आणि नरसय्याच्या टॉवेलनं पुसला. पाणी कोपराकडून मनगटाकडं गेलं, मनगटाकडून परत कोपराकडं आलं. सिस्टर म्हणाली, "बघा, टॉवेल नुसता पाणी इकडून तिकडं ढकलतोय."

डॉक्टरबाईंनी नरसय्याला समोर बसवून सांगितलं, "बाळ जन्मतं तेव्हा ओलंचिंब असतं. पोटातल्या उबेतून एकदम बाहेर आलेलं. अंगावरचं पाणी वाळताना त्याची ऊब घेऊन जातं. मोठ्या माणसाला कुडकुडून चालतं, त्याला नाही चालत. म्हणून जन्मल्याबरोबर आम्ही त्याला पुसून कोरडं करतो. तुमच्या टॉवेलचं हे पहिलं काम आहे. मऊ असला तर चांगलंच, पण नंतर."

नरसय्या खाली मान घालून ऐकत होता. मग एकदम म्हणाला, "बाई, मला थोडे दिवस द्या. नाय जमलं तर मीच घेऊन जातो."

डॉक्टरबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कक्ष सुरू व्हायच्या आधी झालं पाहिजे."

मी हो म्हटलं. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, की ते कसं करायचं हे मला माहीत नव्हतं. लावणं सोपं, काढणं अवघड अशी या तेलाची ख्याती. धाग्याला एकदा चिकटलं की सहजासहजी सोडत नाही.

प्रयोगशाळेत तुकडे घेऊन बसले. गरम पाणी आणि साबण झाला. तुकडा तरंगला. सोड्यात उकळून बघितला. तुकडा बराच वेळ विचार करत राहिला आणि मग एका कोपऱ्यानं बुडाला, बाकीचा वरच. नरसय्या रोज यायचा, दारात चपला काढायचा, देवळात आल्यासारखा उभा राहायचा. मी म्हणायची, "अजून नाही." तो म्हणायचा, "व्हय, व्हय, करा की निवांत," आणि तिथून हलायचा नाही.

साबण म्हणजे सोयरीक जुळवणारा माणूस. त्याचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही दोन घरं एका मांडवात आणतो. प्रत्येक साबणाला प्रत्येक तेल वश होत नाही, इतकंच. आम्ही यंत्रांवर सांडलेलं सिलिकॉन काढायला वेगळा एक द्रव वापरायचो. तो सोड्याबरोबर घालून, पाणी उकळीच्या जवळ ठेवून, तुकडे सतत हलवत ठेवले. मग धुतले, वाळवले. वाळेपर्यंत मी खोलीत फेऱ्या मारत होते. नरसय्या दारात होताच.

तुकडा पाण्यावर ठेवला. एका क्षणासाठी त्याची कड काळपट होत पाणी आत सरकताना दिसलं, आणि तो सरळ तळाला गेला.

"बुडालं?" नरसय्यानं विचारलं.

"बुडालं."

"परत एकदा करा की."

मी पुन्हा केलं. मग त्यानं स्वतः केलं. मग गाठोड्यातल्या एका टॉवेलचा कोपरा कापून तो न धुतलेला तुकडा शेजारी ठेवला आणि एक तरंगतोय, एक बुडतोय हे बघून हसायला लागला. माल बुडाला म्हणून हसणारा व्यापारी मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला.

राहिली मशीनची अडचण. मोठ्या मशीनवर परदेशी जाणारा माल लागलेला होता. मॅनेजर साहेब म्हणाले, "बाई, एवढ्याशा लॉटसाठी मशीन कसं देऊ?" मी त्यांना काही भाषण दिलं नाही. दोन टॉवेल घेऊन गेले, एक जुना, एक धुतलेला. म्हटलं, "साहेब, हात धुऊन या." ते धुऊन आले. आधी जुना दिला, मग धुतलेला. हात कोरडे झाल्यावर ते म्हणाले, "रविवारी घ्या. पण माणसं तुमची तुम्ही बघा."

माणसं बघावी लागली नाहीत. सुपरवायझर आपणहून आला. नरसय्याची बायको यल्लम्मा मोठ्या पातेल्यात पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, घेऊन आली, आणि बॉयलरवाला म्हणाला, असा वास रोज येणार असेल तर मी रोज रविवार धरतो. दिवसभर टॉवेल सोड्यात घुसळले, मग पाण्यामागून पाणी दिलं. इथं एक गोष्ट मनाला लागते ती लिहायला हवी. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि आम्ही कारखान्यात ते असं ओततो. तेल आधीच कमी लावलं असतं तर ते सगळं पाणी वाचलं असतं. शेवटचं धुण्याचं पाणी तेवढं आम्ही टाकीत धरून पुढच्या लॉटला वापरलं. त्यानंतर तशी पद्धतच पडली. तरी नोकरीचा हिशेब मनात मांडते तेव्हा टॉवेल आठवत नाहीत, गटारीतून गेलेलं पाणी आठवतं.

धुतल्यावर टॉवेलचा लोण्यासारखा मऊपणा गेला. आता तो घरच्या टॉवेलसारखा लागत होता, साधासुधा, जरा खरबरीत. नरसय्यानं बोटांनी चाचपला आणि घडी घालून परत ठेवला. मी ओळखलं, की त्याला जरा वाईट वाटतंय. यल्लम्मानं मात्र तोंडावर पाणी मारलं, एक टॉवेल उचलून तोंड पुसलं आणि त्याला तेलुगूत काहीतरी सुनावलं. सुपरवायझरला तेलुगू येत होती, तो फक्त हसला. नरसय्या मला म्हणाला, "ती म्हणायली, मला आधी दाखवायचं होतं."

मालाबरोबर रुग्णालयात मीही गेले. खरं म्हणजे माझी काही गरज नव्हती, पण नरसय्या म्हणाला, "अक्का, तुमी असलं की बरं." डॉक्टरबाई आत कामात होत्या. सिस्टरनं तेवढ्यात पुन्हा हात ओला केला, टॉवेल एकदा फिरवला आणि हात उलटासुलटा करून बघितला. मग तिनं वरचे टॉवेल उचलले आणि लगबगीनं आत घेऊन गेली. नरसय्यानं माझ्याकडं बघितलं. "म्हणजे काय झालं? पसंत की नापसंत?" मी म्हटलं, "थांबू या."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. समोर एक कुटुंब उभं होतं. माळशिरसकडचे असावेत, पांढरी टोपी घातलेले आजोबा आणि भिंतीला टेकून घाम पुसणारा त्यांचा मुलगा. मग आतून रडण्याचा आवाज आला, बारीक, तुटक, आणि मग एकदम खणखणीत. आजोबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आली. तिच्या हातात गुंडाळलेलं बाळ होतं. "मुलगी झाली," तिनं सांगितलं. "आई छान आहे."

आजोबा पुढं झाले. त्यांच्या पाठोपाठ नरसय्याही उठला. मी त्याला थांबवायच्या आत तो सिस्टरपाशी पोचला होता. बाळाच्या डोक्यावरचे केस कोरडे होऊन उभे राहिले होते. काठावरचं विणलेलं नाव बरोबर बाळाच्या हनुवटीखाली आलं होतं. नरसय्यानं हात पुढं केला आणि टॉवेलची कड दोन बोटांत धरून चोळून बघितली. ती कोरडी होती; बाळाला पुसलेला दुसरा टॉवेल सिस्टरच्या दंडावर होता, सगळी ओल पिऊन जड झालेला.

आजोबांना वाटलं, हा कोणी मोठा माणूस आशीर्वाद द्यायला आलाय. त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि पहिला पेढा त्याच्याच हातावर ठेवला. म्हणाले, "घ्या पावनं. तुमचा बी हात लागला पोरीला. कशी हाय, सांगा की."

नरसय्या पेढा हातात धरून बाळाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बागुंदी. लई बागुंदी."

सोलापुरात बागुंदी म्हणजे छान, हे कुणाला सांगावं लागत नाही. आजोबांनी खूश होऊन दुसरा पेढा मला दिला. तो नरसय्या पोरीबद्दल म्हणाला की टॉवेलबद्दल, हे मी त्याला घरी जाताना रिक्षात विचारणार होते. पण त्याच्या तोंडात अजून पेढा होता, आणि तो रस्त्याकडं तोंड करून डोळे पुसत होता, शर्टाच्या बाहीनं.